कान बिघडतो की घडतो? – चित्रपटगीत आणि श्रवणाचे शिक्षण

या मालेतल्या आजच्या भाषणाचा विषय आहे कान. म्हणजे गाणाऱ्याचा गळा नव्हे, ऐकणाऱ्याचा कान.

आपल्याकडे गाण्याच्या गप्पांत दोन माणसं हटकून भेटतात. एक म्हणतो, "आम्ही तानसेन नसू, पण कानसेन आहोत." दुसरा हात जोडतो, "गाण्याच्या बाबतीत आम्ही औरंगजेब." (हशा) आज आम्हाला या दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे. कारण हाच माणूस रेडिओवर नुसता सुरुवातीचा तुकडा वाजला की गाणं ओळखतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायिका वरच्या सुराला जरा कमी पडली की याच्या कपाळावर आठी उमटते. गणपतीच्या आरतीला कुणी फार वरची पट्टी धरली तर दुसऱ्या कडव्याला हाच ती चाल खाली आणतो, आणि सगळे त्याच्या मागून येतात. पट्टी बदलणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती तो प्रसादाच्या ताटाकडे बघत करतो. मग त्याला काही कळत नाही असं त्याला कुणी सांगितलं?

बहुधा शाळेत. समूहगीताच्या वेळी "तू फक्त ओठ हलव" असं ज्यांना सांगितलं गेलं, असे लोक प्रत्येक सभागृहात असतात. इथेही असतील. ज्यांना खरोखरच सूर वेगळे ऐकू येत नाहीत अशी माणसं जगात आहेत, पण फार थोडी. बाकीच्यांचा कान शाबूत असतो. त्यांनी तो वापरायचा सोडून दिलेला असतो.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. आपल्या बहुतेकांचा कान चित्रपटगीतांनी आणि भावगीतांनी घडवला आहे. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही आणि नुसती अभिमानाचीही नाही. या गाण्यांनी कानाला सवय दिली, आता त्याच गाण्यांकडून समज मिळवायची आहे. आणि त्यासाठी गाण्याला नेमके प्रश्न विचारावे लागतात. आज जे प्रश्न विचारले जातात ते चुकीचे आहेत, अशी आमची तक्रार आहे.

सरकारी कान

'चित्रपटगीतांनी लोकांचा कान बिघडवला' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. एकेकाळी ते सरकारी धोरण होतं. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा खरा प्रेमी. आकाशवाणीवर शास्त्रीय गायन-वादनाला त्यांनी जी जागा दिली, तिच्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण त्यांच्याच काळात चित्रपटगीतांना कात्री लागली आणि काही काळ ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. शेवटी ऑक्टोबर 1957 मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

गंमत अशी की केसकरांच्याच आमदनीत, त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, 1955-56 मध्ये 'गीतरामायण' झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, छप्पन्न गीतं. त्याला शास्त्रीय संगीत म्हणता येणार नाही. राग त्यात जागोजाग आहेत, पण ते शब्दांच्या पोटात. आठवड्यामागून आठवडे लोक वेळ पाळून ऐकत होते आणि बाईमाणसं स्वयंपाकघरात त्याच चाली गुणगुणत होती. महाराष्ट्रातला एवढा मोठा श्रवणवर्ग आम्हाला तरी दुसरा माहीत नाही. फी नाही, परीक्षा नाही, आणि आपण वर्गात बसलो आहोत हे विद्यार्थ्यालाच माहीत नाही.

कुमारांचं उत्तर, आणि त्यापुढे

बिघडलेल्या कानाच्या आरोपाला सर्वांत वजनदार उत्तर दिलं ते कुमार गंधर्वांनी. लता मंगेशकरांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. हिंदी पाठ्यपुस्तकातून तो देशभरातल्या मुलांनी वाचला आहे. कुमारांचं म्हणणं थोडक्यात असं, की लताच्या आवाजामुळे सामान्य माणसाच्या कानाला खऱ्या सुराची सवय झाली. पूर्वीच्या मुलांचं गाणं आणि आताच्या मुलांचं गुणगुणणं यात फरक पडला, आताची मुलं सुरात गुणगुणतात. चित्रपटगीतांनी कान बिघडवले नाहीत, सुधारले.

हे कोण म्हणतंय ते बघा. ज्याच्या मैफिलीला लोक देवळात जावं तसे जात, तो माणूस म्हणतोय. त्यामुळे या लेखानं अनेकांच्या मनातला अपराधीपणा घालवला, आणि ते फार मोठं काम झालं.

आणि कुमारांच्या निरीक्षणाला पुढे दुसऱ्याच टोकाकडून दुजोरा मिळाला. 1994 मध्ये अमेरिकेत डॅनियल लेव्हिटिन या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांच्या आवडीचं, पाठ असलेलं पॉप गाणं आठवून म्हणायला सांगितलं. साथीला काही नाही, आधी सूर दिलेला नाही. प्रत्येकाचे दोन प्रयत्न. दर दहांपैकी सुमारे चार जणांनी निदान एकदा तरी ध्वनिमुद्रिकेतली मूळ पट्टीच नेमकी पकडली. लयीचं पुढे तपासलं तर बहुतेकांची लय मूळ गाण्याच्या अगदी जवळपास होती. निवड गाणाऱ्यांची नव्हती, साधे विद्यार्थी होते. शेकडो वेळा तीच तबकडी ऐकल्यावर कानात केवढं साठतं त्याचा हा दाखला.

पण इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. साठलेलं आहे हे मान्य, पण आपल्याला ते वापरता येतं का? कोठारात धान्य आहे आणि कुलपाची किल्ली नाही, अशी आपली अवस्था आहे. गाणं ओळखता येतं, म्हणता येतं. पण त्या चालीत काय चाललं आहे ते सांगता येत नाही. नवीन चाल ऐकली की पुन्हा पहिल्यापासून पाठांतर. कुमारांचा लेख इथवर येत नाही, आणि त्या लेखाचं ते कामही नव्हतं. सवय आपोआप लागते, समज आपोआप येत नाही.

याद्यांचा रोग

मग समज यावी म्हणून आज काय सांगितलं जातं? दोन गोष्टी.

पहिली, याद्या. 'यमन रागावर आधारित पन्नास गाणी.' 'चंदन सा बदन' यमन-कल्याण, 'पूछो ना कैसे मैंने रैन बिताई' अहिरभैरव. या याद्या चूक नसतात. पण त्या पाठ करून कान तयार होत नाही, प्रश्नमंजूषेचं उत्तर तयार होतं. गाणं लागलं की नाव आठवतं, आणि नाव आठवलं की माणूस ऐकायचं थांबतो. "हा यमन" म्हणून झालं, आता त्या तीव्र मध्यमावर काय घडलं ते कोण ऐकतो?

याची उत्तम परीक्षा म्हणजे सुधीर फडक्यांचं 'ज्योति कलश छलके'. 'भाभी की चूडियाँ', 1961. हे गाणं भूप की देशकार, यावर रसिकांचे वाद होतात. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. फरक कशात? भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. आता यादीत काहीही लिहिलेलं असो, तुम्ही स्वतः ऐका. आवाज कुठे टेकतो? कुठल्या स्वरावर जाऊन परत यावंसं वाटतं? या वादाचा निकाल काहीही लागू दे. पण 'टेकणं' म्हणजे काय हे ज्याला तीन मिनिटांत ऐकू आलं, त्याला त्या दिवशी रागाच्या नावापेक्षा जास्त मिळालं.

दुसरी गोष्ट ही पाश्चात्त्य शिकवणीतून आलेली युक्ती, आणि ती आता मोबाइलच्या ॲपांमधून आपल्या मुलांपर्यंत पोचली आहे. दोन स्वरांमधलं अंतर ओळखायचं ते एखाद्या प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या दोन स्वरांवरून. सा ते वरचा सा हवा? 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधलं इंद्रधनुष्याचं गाणं आठवा. सा ते मध्यम हवा? वाग्नरचं लग्नातलं संगीत आठवा. वरकरणी झकास. पण यात एक मेख आहे, आणि ती आपण पेटीवरच बघू.

पाच काळ्या पट्ट्या

(पेटी पुढे घेतली जाते.)

ज्यांच्या मोबाइलमध्ये की-बोर्डचं ॲप आहे त्यांनी आमच्याबरोबर करून बघा. आपण फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. पाचच स्वर. पांढऱ्याला हात लावायचा नाही.

काळी तीन हा सा धरा. तिथून पाच काळ्या पट्ट्या ओळीने वाजवा. काय ऐकू आलं? सा रे ग प ध. भूप. 'ज्योति कलश'चं घर.

आता काळी पाच हा सा धरा. तो थोडा वेळ दाबून ठेवा, कानात मुरू द्या, आणि मग त्याच पाच पट्ट्या वाजवा. (वादन) बदललं ना सगळं? सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस. 'बैजू बावरा'मधलं नौशादांचं 'मन तरपत हरि दर्शन को आज' ज्या अंगणात उभं आहे ते हे. आता काळी एकवर या, तिथून दुर्गा निघतो. एकही पट्टी बदलली नाही, आणि तीन राग झाले. जुने लोक याला मूर्च्छना म्हणत.

आता मेख बघा. काळी पाच आणि तिच्या वरच्या सप्तकातली काळी एक, या दोनच पट्ट्या घ्या. भूपात हे दोन स्वर होते ग आणि प. मालकंसात तेच दोन स्वर झाले सा आणि कोमल ग. अंतर तंतोतंत तेच. पण ग-प ऐकताना उजाडल्यासारखं वाटतं आणि सा-कोमल ग ऐकताना मन गंभीर होतं. मग 'अमुक गाण्याचे पहिले दोन स्वर' आठवून काय साधलं? अंतर कळलं, स्वर कळला नाही. स्वर कळतो तो सा च्या नात्यानं. नात्यातसुद्धा एकच बाई कुणाची आत्या असते आणि कुणाची मावशी. नुसता चेहरा ओळखून हाक मारता येत नाही.

म्हणून गाण्याला विचारायचा पहिला प्रश्न: सा कुठे आहे?

कसा शोधायचा? गाणं लावा आणि ओठ मिटून एकच सूर गुणगुणत राहा. जो सूर संपूर्ण मुखड्याखाली धरता येतो, जिथे आलं की घरी आल्यासारखं वाटतं, तो बहुधा सा. मग गाणं बंद करा आणि तो सूर धरून ठेवा. पुन्हा लावा, जुळतो का बघा. मुखडा नेहमी सा वरच संपतो असं नाही, आणि काही गाणी अंतऱ्यात दुसऱ्याच स्वराला घर करून परत येतात. ती जागा सापडली की तुम्हाला कुणी शिकवायची गरज उरत नाही. आमच्या श्रवणवर्गात आम्ही पहिले काही आठवडे याखेरीज काहीच करत नाही. लोकांना वाटतं फसवणूक चालली आहे. (हशा) पण सा सापडल्याशिवाय सरगम ही नुसती अक्षरं आहेत.

दुसरा प्रश्न लयीचा. तो लवकर उरकतो, कारण इथे आपला कान तयार आहे; आरतीच्या टाळ्यांनी तो तयार केला आहे. शोधायचं एवढंच, की मुखड्यातला कुठला शब्द समेवर पडतो. गाणं कुठल्या शब्दापासून सुरू होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं वजन कुठल्या शब्दावर आहे हे फार थोड्यांना. दादऱ्याच्या सहा मात्रा किंवा केरव्याच्या आठ बोटांवर मोजा आणि तो शब्द हेरा. कित्येकदा चाल बांधणाऱ्याने अर्थ नेमका तिथेच ठेवलेला असतो.

गोव्याहून आलेला दुसरा गुरू

आता तिसरा प्रश्न, आणि तो रागदारीच्या वर्गात कधी विचारला जात नाही. आवाजाखाली काय चाललं आहे?

चित्रपटगीताला दोन गुरू आहेत. एक आपल्या माहितीचा, घराणी, नाट्यसंगीत, लावणी, भजन यांच्यातून आलेला. दुसरा गोव्याहून आला. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन वाजवायला, अनेक आवाजांत मिळून गायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईत आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओत शिरली. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. पडद्यावर नाव संगीतकाराचं, पण व्हायोलिनांचा ताफा काय वाजवणार हे कागदावर लिहिणारे हात यांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव शिष्यानं वाहिलेली गुरुदक्षिणा आहे. आपण मात्र ते गाणं नाचून संपवलं. (हशा)

या लोकांनी आपल्या कानाला जे दिलं ते आपण ऐकतच नाही. एक प्रयोग सांगतो. शंकर-जयकिशन यांचं पन्नाशीतलं कुठलंही मोठ्या वाद्यवृंदाचं गाणं घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखं ऐका. दुसऱ्यांदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि मागचे व्हायोलिन काय म्हणताहेत ते गुणगुणा. तिसऱ्यांदा सगळ्यांत खालचा सूर पकडा. हे तिसरं अवघड जातं, पण आठवडाभरात जमतं.

खालचा सूर का महत्त्वाचा? तानपुऱ्यापुढे सा हा सा च राहतो. पण कॉर्ड बदलली की त्याच सा चं काम बदलतं. सा-ग-प या मेळात तो पाया आहे. म-ध-सा या मेळात तो माथ्यावर. ध-सा-ग मध्ये तो मधला, आणि सगळा रंग उदास. गायक एकाच सुरावर स्थिर आहे आणि तरी काहीतरी सरकल्यासारखं वाटतं, ते यामुळे. परदेशी पॉपमध्ये तर अख्खी पट्टीच उचलतात. मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'मध्ये बदलाचा शब्द येतो तिथेच गाणं अर्ध्या स्वराने वर चढतं. आजवर तुम्हाला तिथे शहारा आला असेल, तो का आला ते आता ऐकून बघा. रागदारीत मुरलेल्या माणसालासुद्धा हा वर्ग पॉप गाण्यातच मिळतो, दुसरीकडे नाही.

मग बिघडतं ते काय?

आम्ही चित्रपटगीतांची वकिली करतो आहोत असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कानाला धोका आहेच. पण 'लोकप्रिय' असण्यात तो नाही.

पेटीवरून जुना वाद आहे. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं ते जवळजवळ तीस वर्षं. आरोप खोटा नव्हता. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले, तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 भागांनी चढा असतो. पण गायक पेटीबरोबर गातानाही आपला गंधार आपल्या जागी लावतो आणि आपण दोन्ही ऐकतो. तुलनेला वाव राहतो.

आज स्वर दुरुस्त करणारी यंत्रणा आहे. 1997 मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. ते जपून वापरणारेही आहेत. पण सरसकट वापरात काय होतं, तर प्रत्येक स्वर नेमक्या खाचेत जाऊन बसतो. बेसूर काही उरत नाही. आणि जिथे बेसूर होण्याची शक्यताच नाही, तिथे सुरेल म्हणजे काय हे कान कशावरून शिकणार? स्वराकडे जाणारी वाट, किंचित खालून येणं, रेंगाळणं, शेवटच्या क्षणी लागणं, हेच तर लताबाईंनी आणि बाबूजींनी आपल्याला ऐकवलं होतं. कुमारांनी ज्या मुलांबद्दल लिहिलं, ती मुलं जिवंत गळ्याच्या मागे गुणगुणत होती. आजच्या मुलांना निदान रोज एखादं तसं गाणं ऐकू द्या, एवढीच आमची विनंती. नवं बंद करा असं म्हणायचं नाही. कात्री लावून काय होतं ते आपण 1952 मध्ये पाहिलं.

तेव्हा जाताना एक काम देतो. पुढचे सात दिवस एकच गाणं. तुमच्या आवडीचं, अगदी पाठ असलेलं, मग ते 'सैराट'मधलं असलं तरी चालेल. दोन दिवस फक्त सा शोधा. एक दिवस सम. दोन दिवस व्हायोलिन, बासरी, जे काही मागे असेल ते गुणगुणा. सहाव्या दिवशी सगळ्यांत खालचा सूर. सातव्या दिवशी गाणं न लावता, आठवून, मोठ्यानं म्हणा, मग लावून पट्टी जुळते का ते बघा. रागाचं नाव या आठवड्यात शोधायचं नाही. कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही.

आणि घरात एखादं मूल शाळेतून "मला ओठ हलवायला सांगितलं" म्हणत आलं, तर त्याला हाच खेळ शिकवा. त्याच्या आवडत्या गाण्याचा सा त्याला सापडला की ते तुम्हाला येऊन सांगेल.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, त्यांच्यापासून सुरुवात करू.